दिवाळीत जपान, पण लाल पानं नेमकी कुठं?

मागच्या अंकात जपानमधल्या लाल-पिवळ्या पानांवर छोटी चौकट छापली होती, त्यावर सांगली-साताऱ्याकडून बरेच प्रश्न आलेत. त्यातले चार इथं घेतेय.

ताई, आम्ही दोघंही शिक्षक, विश्रामबागला राहतो. सुट्टी म्हणजे दिवाळीचीच. २०२६ ला भाऊबीज उरकून १२ नोव्हेंबरच्या आसपास निघायचं म्हणतोय. टूरवाल्याच्या पत्रकात क्योटोतली लालभडक झाडं दिसतात. मिळतील का बघायला, की पैसे पाण्यात?

पैसे पाण्यात नाही जाणार सर, पण पत्रकातला तो फोटो बहुतेक नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला असणार. काय होतं बघा, रंग उत्तरेकडून दक्षिणेकडं आणि डोंगरावरून खाली सरकत येतो, म्हणजे उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या दाइसेत्सुझान डोंगरात सप्टेंबरातच सुरू होतो आणि क्योटो शहरात भर यायला नोव्हेंबरचा शेवट, कधी कधी डिसेंबर उजाडतो. रात्री साधारण ८ डिग्रीच्या खाली गेल्या की पानातला हिरवा रंग मोडायला लागतो, दिवसा ऊन चांगलं असेल तर पानात अडकलेल्या साखरेपासून लाल रंग तयार होतो, आणि थंडीच उशिरा आली तर सगळंच पुढं ढकललं जातं. त्यामुळं तारीख ठरलेली असेल तर शहराच्या नावामागं लागू नका, उंची बघा.

२०२६ ला अधिक महिना आल्यामुळं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, हा तुमचा फायदाच झाला. दिवाळी ऑक्टोबरात असती तर मी टोकियोच्या उत्तरेकडच्या निक्को गावाच्या वरच्या अंगाला जा म्हटलं असतं, चुझेन्जी तलाव १,२६९ मीटरवर आहे, शेजारी ९७ मीटरचा केगॉन धबधबा, तिथं रंग ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत असतो. तुम्ही जाल तेव्हा तिथली झाडं बोडकी झालेली असतील. तुमच्या तारखांना फुजीजवळचं कावागुचिको घ्या, तिथं तलावाच्या काठाला मेपलच्या झाडांचा बोगदाच आहे. क्योटोला जायचंच असेल तर शहराच्या वायव्येला ताकाओ म्हणून डोंगराळ भाग आहे, तो शहराच्या आधी रंगतो, तिथल्या जिंगोजी देवळाला पायऱ्या मात्र भरपूर. आणि शक्य असेल तर टूर पुढं सरकवून शेवटचे दोन दिवस क्योटोत ठेवा, २० तारखेच्या पुढं शहरातपण चांगला रंग असतो.

रेल्वे पासचं पण विचारलंय. परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जपान रेल पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो बुलेट ट्रेन एका बाजूनं साधारण १४,००० येन, म्हणजे नुसतं जाऊन-येऊन करणाऱ्याला पास परवडत नाही.

आई-बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. नोव्हेंबरअखेर क्योटोला नेऊ का? (सातारा)

न्या, पण दिवसाला एकच ठिकाण. क्योटोत ह्या दिवसांत पावणेपाचला सूर्य मावळतो, आणि आपल्याकडची सवय म्हणजे नाष्टा करून निवांत अकराला बाहेर पडायचं, मग दिवस कुठं गेला कळतच नाही. तोफुकुजी देवळातला तो झाडांवरून जाणारा लाकडी पूल सगळ्यांना बघायचा असतो, तिथं सकाळी दार उघडायच्या वेळीच जा, दहानंतर माणूस माणसाला लागतो. २३ नोव्हेंबरची सार्वजनिक सुट्टी आणि तिच्या लगतचे दिवस टाळता आले तर टाळाच. काही देवळांत रात्री झाडांवर दिवे सोडतात, एइकांदोला दिवसाचं आणि रात्रीचं तिकीट वेगवेगळं असतं, दुपारी आत जाऊन रात्रीपर्यंत बसून राहू म्हणाल तर बाहेर काढतात. टोकियोला थांबणार असाल तर माउंट ताकाओ, हा वरच्या ताकाओपेक्षा वेगळा, फक्त ५९९ मीटर, शिंजुकूपासून केईओ लाइननं तासाभरात, आणि अर्ध्या वाटेपर्यंत केबल कार जाते. आईंना तेवढं पुरे.

आम्ही माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. उपाशी राहायची वेळ येईल का? (कऱ्हाड)

उपाशी नाही, पण जपून. मांस-मासे नको सांगितलं तरी सूपमध्ये, सॉसमध्ये, अगदी साध्या भाजीतही सुक्या माशाचं पाणी असतं, त्याला दाशी म्हणतात, आणि वाढणाऱ्याला ते मासे वाटतच नाहीत. म्हणून "मासे नको" एवढ्यावर थांबू नका, जपानीत "दाशीसुद्धा नको" असं लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा.

तुमच्यासाठी खरं ठिकाण म्हणजे कोयासान. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाई रेल्वे, शेवटी उभ्या चढाची केबल कार. साधारण ८०० मीटरवरचं हे मठांचं गाव कूकाई ह्या साधूनं ८१६ साली वसवलं, आणि पन्नासेक मठांत आजही मुक्कामाला घेतात. जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. वाट्या-वाट्यांतून तिळाचं टोफू, लोणचं, भात येतो. रंग ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. मठातल्या खोल्या गार असतात, स्वेटरवर भागवू नका.

आणि ओसाकाजवळच्या मिनोला मेपलच्या पानांची भजी मिळतात, खरंच. पानं वर्षभर मिठात मुरवतात, मग गोड पिठात तीळ घालून तळतात. चव कडक शंकरपाळ्याच्या वळणाची, पानाचा स्वाद शोधावा लागतो, पण पिशवी संपते.

तासगावला द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी सोडून हलता येत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाऊ बघतो म्हणालाय. तोवर सगळं झडून गेलं असेल ना?

नाही हो. टोकियोच्या मेइजी जिंगू गाइएनमधली गिंकोच्या झाडांची रांग नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला पिवळीजर्द असते, खाली पानांचा सडा. कामाकुराला तर मेपल डिसेंबरातच रंगतो. आणि माझं मत विचाराल तर डिसेंबरच बरा, कारण फुजी ह्याच दिवसांत दिसतो. सैबेरियाकडून येणारा गार वारा जपानी समुद्रावरून बाष्प उचलतो, डोंगराला धडकून पश्चिमेच्या बाजूला बर्फ टाकतो आणि टोकियोकडं कोरडा होऊन उतरतो, आपल्याकडं महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि माण-खटाव कोरडं राहतं तसंच. म्हणून टोकियोला हवा लख्ख.

त्या बर्फाच्या बाजूला कानाझावा आहे, तिथल्या केन्रोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून पाइनच्या झाडांना दोऱ्या बांधायला सुरुवात करतात. मधोमध उंच बांबू, त्याच्या टोकावरून शेकडो दोऱ्या खाली सोडून एकेक फांदी तोललेली, बर्फाच्या ओझ्यानं मोडू नये म्हणून. बागायतदाराला हे बघायला जास्त आवडेल असं मला वाटतं, मांडवाचं ओझं तुम्हाला काय सांगायचं.

तारीख जमत असेल तर २ आणि ३ डिसेंबरची टोकियोजवळच्या चिचिबू गावची रात्रीची जत्रा सोडू नका. कंदील लावलेले अवजड लाकडी रथ माणसं दोरानं चढावर ओढतात, ३ तारखेच्या रात्री वर आतषबाजी. गावात खोली मिळणं मुश्किल, टोकियोच्या इकेबुकुरो स्टेशनवरून सेइबू रेल्वेची गाडी दीड तासाच्या आत पोचवते, फक्त परतीचं तिकीट आधी काढून ठेवा.