बारा फुटी की सोळा फुटी?

चांदोदला नर्मदेत फिरायचं आणि बोट बडोद्यात घरी ठेवायची, तर आधी माणसं मोजा. बोटीत किती जण बसतील ते असं काढा: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. म्हणजे १२ × ४.५ फुटी बोटीत तीन जण, १६ × ६ फुटीत सहा. तेही शांत पाण्यात. हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला जास्त माणसं भरलेली बोट उलटून शाळकरी मुलं बुडाली, ते आपण बडोदेकर विसरूच शकत नाही. तेव्हा 'अजून एक बसेल' हे कधीच नको, आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवं.

दोघे-तिघेच असाल तर बारा फुटीच घ्या. १० एचपीचं इंजिन साधारण ४० किलोचं, दोघांना उचलता येतं. सोळा फुटीला ४० एचपी लागलं की इंजिनच शंभर किलोच्या आसपास. मग ट्रेलर आलाच. मात्र वारा सुटल्यावर मोठी बोट कमी हेलकावते, हे खरं.

इंजिन घेण्याआधी ते जिथे अडकवायचं त्या बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजा: १५ इंचाला शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं इंजिन), २० इंचाला लाँग. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं. फार खाली गेली तर वेग मरतो आणि वाळूच्या पट्ट्यांवर पंखा घासतो. सरदार सरोवर धरणातून सोडलेल्या पाण्याप्रमाणे चांदोदला नदीची खोली बदलते, म्हणून हे फार महत्त्वाचं.

गढूळ पाण्यात, इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार सतत बघा. बारीक झाली की इंजिन लगेच बंद करा; बहुधा इम्पेलर (पाणी खेचणारं रबरी चक्र) झिजलेला किंवा पाणी आत घेणारी जाळी तुंबलेली असते.