द्रौपदी कुणाच्या सांगण्यात हसते?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं द्रौपदीवरचं टिपण वाचलं. भाषा स्वच्छ आहे, मुद्दा ठामपणे मांडला आहेस. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ म्हणून द्रौपदी हसली, त्या अपमानातून द्यूत झालं आणि द्यूतातून युद्ध. म्हणून ‘एका स्त्रीचा अहंकार आणि त्याची किंमत’ हे महाभारताचं आशयसूत्र, असा तुझा निष्कर्ष. साखळी कुठे तुटत नाही. पण जिच्यावर सगळा डोलारा उभा आहे ती पहिली कडी तू महाभारतातून घेतलेली नाहीस. ती तू ऐकली आहेस. आपण सगळ्यांनीच ती लहानपणापासून ऐकली आहे.

आता सभापर्व उघडू या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ठिकठिकाणची हस्तलिखितं ताडून पाहत ते १९६६ मध्ये पूर्ण झालं. या आवृत्तीत तुझा प्रसंग दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा येतो.

पहिल्यांदा तो कथा सांगणारा सांगतो. युधिष्ठिराचा राजसूय यज्ञ आटोपलेला आहे, पाहुणे परतले आहेत, कृष्णही द्वारकेला गेला आहे. त्या अद्भुत सभेत मागे राहिलेत ते दुर्योधन आणि शकुनी. दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजतो, पुढे पाण्याला जमीन समजतो आणि अंगावरच्या वस्त्रांसकट पडतो. सेवक हसतात. युधिष्ठिर राजाच्या आज्ञेने त्याला चांगली वस्त्रं दिली जातात. भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात. द्रौपदी या हसणाऱ्यांत नाही.

काही अध्यायांनंतर हीच हकिगत दुर्योधन स्वतः आपल्या बापाला सांगतो. धृतराष्ट्राने द्यूताला होकार द्यावा म्हणून त्याची मनधरणी चालू आहे. आता या सांगण्यात कोण कोण हसतं ते बघ. अर्जुनासोबत कृष्ण हसतो, आणि बाकीच्या स्त्रियांसह द्रौपदीही हसते, माझ्या मनाला वेदना देत हसते, असं तो म्हणतो. जो कृष्ण त्याआधीच द्वारकेला निघून गेला आहे, तोही इथे हसायला हजर आहे! आणि आंधळ्याच्या मुलाचा तो टोमणा? तो या दोन्ही ठिकाणी द्रौपदीच्या तोंडी नाही.

मला ही महाभारतातल्या अतिशय सूक्ष्म जागांपैकी एक वाटते. दुर्योधन इथे धादांत खोटं बोलतोय असं तू म्हणू शकतेस. किंवा असंही म्हणता येईल की अपमान झालेल्या माणसाला जे आपल्याला हसले तर सर्वांत जास्त लागेल, त्या सगळ्यांचं हसू ऐकू येऊ लागतं, आणि दुर्योधन जे बोलतो ते त्याच्यापुरतं खरंच असतं. दोन्हीपैकी काहीही घे. पण या हसण्यावरून जे कळतं ते दुर्योधनाविषयी कळतं. त्यावर द्रौपदीच्या स्वभावाचं विधान उभं करता येत नाही. नंतरच्या काळात कीर्तनांनी, नाटकांनी, मालिकांनी तो टोमणा तिच्या तोंडी रुजवला. त्यांनी तसं का केलं असावं हा अभ्यासाचा वेगळा आणि चांगला विषय आहे, तो कधीतरी घे. मात्र तो विषय त्या सांगणाऱ्यांचा आहे, व्यासांच्या द्रौपदीचा नाही.

तेव्हा माझी पहिली सूचना अगदी कामाची आहे. एखाद्या पात्राविषयी वहीत ‘अहंकारी’, ‘उदार’, ‘भित्रा’ असं विशेषण लिहिलंस की त्याच्या शेजारी लगेच लिहायचं: हे मला कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि ते सांगून त्याला काय मिळवायचं आहे. ही तीन उत्तरं लिहून झाल्यावर निम्मी विशेषणं तू स्वतःच खोडशील. उरतील ती पक्की.

दुसरी गोष्ट कर्णाची. तुझ्या टिपणात तो ओझरता येतो, ‘अन्याय झालेला वीर’ म्हणून. मराठी वाचकाच्या मनातला कर्ण बराचसा कादंबऱ्यांनी घडवला आहे, आणि त्या कादंबऱ्यांवर मनापासून प्रेम करावं. पण मूळ कर्णाबद्दल बोलायचं असेल तर दोन जागा शेजारी शेजारी ठेवायला हव्यात. द्यूतसभेत विकर्ण, म्हणजे कौरवांपैकीच एक भाऊ, द्रौपदीच्या बाजूने उभा राहतो. त्याला गप्प बसवतो कर्ण. आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रं काढून घे, हे दुःशासनाला सांगतो तोही कर्णच. मग उद्योगपर्वात ये. युद्ध टाळण्यासाठी कृष्ण त्याला त्याचं जन्मरहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. तेव्हा कर्ण नकार देतो आणि बोलता बोलता म्हणतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडवट बोललो, त्याचा मला आज पश्चात्ताप होतो.

बहुतेक वाचक यातली एकच जागा उचलतात. कर्ण आवडणारे उद्योगपर्व वाचून दाखवतात, न आवडणारे सभापर्व. तू दोन्ही घे आणि त्यांच्यामधल्या अंतराकडे बघ. त्याला पश्चात्ताप कशाचा होतो? पांडवांना बोलल्याचा. त्या वाक्यात द्रौपदीचं नाव नाही. हे मुद्दाम असेल, ओघात सुटलं असेल, किंवा ‘पांडव’ म्हणताना तीही त्यात धरलेली असेल. यावर तुला पानभर लिहिता येईल, आणि ते पान ‘शापित नायक’ या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगेल. जिथे पात्र आपल्या मताला छेद देतं, तिथेच थांबायचं. तिथेच ते जिवंत असतं.

आता आशयसूत्राबद्दल. शाळेत आपल्याला गोष्टीखाली तात्पर्य लिहायची सवय लागते आणि पुढे तीच सवय मोठ्या शब्दांचे कपडे घालून वावरते. ‘अहंकाराचा नाश होतो’ हे तात्पर्य आहे. ते कळण्यासाठी एवढं अफाट काव्य वाचायची गरज नाही. आशयसूत्र म्हणजे ती कृती पुन्हा पुन्हा ज्या प्रश्नापाशी येते आणि ज्याचं उत्तर तिला सोपं करून देता येत नाही, ती जागा. द्रौपदी भर सभेत विचारते: युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावून हरल्यावर मला पणाला लावलं का? स्वतः दास झालेल्याचा माझ्यावर हक्क उरतो का? भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला याचं उत्तर देता येत नाही. एवढी ज्ञानी माणसं बसलेली असताना प्रश्न तसाच राहतो. इरावती कर्वे यांना महाभारतावरच्या ‘युगान्त’ या पुस्तकात द्रौपदीचं हे वाद घालणं तिची चूक वाटलं, त्या प्रसंगी तिने कायद्याचा कीस काढण्याऐवजी दयेची याचना करायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तो प्रश्न नसता तर सभेतल्या प्रत्येकाचं मौन आपल्याला इतकं स्पष्ट दिसलं नसतं. पण इरावतीबाई कशा वाचतात ते जरूर बघ. त्या पात्रांना माणसांसारखं वागवतात आणि तरी पुरावा सोडत नाहीत.

सूत्र शोधायची माझी सर्वांत आवडती वाट मात्र दुसरी आहे, आणि ती कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकातून दाखवते.

दुष्यंत-शकुंतलेची कथा महाभारताच्या आदिपर्वातही आहे. तिथे शकुंतला दरबारात येते तेव्हा राजाला सगळं आठवत असतं. आठवत असूनही तो ‘आठवत नाही’ म्हणतो, असं काव्य सरळ सांगतं. कालिदासाने आपल्या नाटकात दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली. म्हणजे राजा विसरला खरा, पण तो दोष शापाचा. नायक धुतल्या तांदळासारखा झाला, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. पुढे जाऊ नकोस. भुंग्याच्या मागे जा.

पहिल्या अंकात शकुंतला झाडांना पाणी घालत असताना एक भुंगा तिला सतावतो. झाडाआडून बघणारा राजा त्या भुंग्याचा हेवा करतो: आम्ही खरं-खोटं शोधत बसलो आणि तू मात्र धन्य झालास. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला, शकुंतला दरबारात पोचण्याआधी, आतून राजाची एक राणी, हंसपदिका, हिचं गाणं ऐकू येतं. गाणं भुंग्याला उद्देशून आहे: आंब्याच्या मोहोराचं तसं चुंबन घेऊन आता कमळात नुसता मुक्काम करून तृप्त झालास, आणि तिला विसरलास कसा? राजाला टोमणा समजतो. हिच्यावर आपण एकदाच प्रेम केलं, हे तो विदूषकापाशी कबूलही करतो आणि तिची समजूत काढायला विदूषकालाच पाठवतो. सहाव्या अंकात अंगठी सापडलेली आहे, आठवण परतली आहे, राजाने शकुंतलेचं चित्र काढलंय. चित्रात भुंगा आहे. त्या रंगवलेल्या भुंग्याला तो खरा समजून दटावतो, कमळात कोंडून ठेवीन म्हणतो. शेवटी विदूषकाला सांगावं लागतं की हे चित्र आहे.

तीन अंक, तीन भुंगे. पहिल्यात राजाला भुंगा व्हायचं आहे. दुसऱ्यात तो भुंगा आहे, असं त्याच्या तोंडावर गाऊन सांगितलं जातं. तिसऱ्यात तोच भुंग्याला शिक्षा करायला निघतो. शापाने कालिदास राजाला सोडवतो, पण हंसपदिकेवर कुठलाच शाप नव्हता आणि तिलाही राजा विसरलाच होता. हे गाणं कालिदासाने नेमकं त्या अंकाच्या दाराशी का ठेवलं असेल? माझं मत सांगते: विसरणं ही बाहेरून आलेली आपत्ती की सत्ता असलेल्या माणसाची सवय, हा प्रश्न नाटक मिटू देत नाही. तुझं मत वेगळं असू शकेल. पण ते या तिन्ही भुंग्यांना सामावणारं हवं. एक जरी बाहेर राहिला तरी मत बदलायचं, भुंगा गाळायचा नाही.

यातून दोन सवयी लाव. वाचताना समासात पेन्सिलीने परत परत येणाऱ्या गोष्टी टिपत जा: वस्तू, प्राणी, शब्द, हातवारे. आणि कथा जुनी असेल तर लेखकाने काय बदललं ते पहिल्यांदा शोध. त्याचा हात सर्वांत उघडा तिथे दिसतो.

तू विचारलं आहेस की लेखकाने स्वतः अर्थ सांगितला असेल तर तोच अंतिम धरायचा का. नॉर्वेच्या इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक घे. ते १८७९ चं. त्याच्या आदल्या वर्षीच्या टिपणांत इब्सेन लिहितो की पुरुषांनी घडवलेल्या समाजात स्त्रीला स्वतःसारखं राहताच येत नाही. १८९८ मध्ये मात्र नॉर्वेतल्या स्त्री-हक्क संघटनेने त्याचा सत्कार केला तेव्हा त्याने सांगितलं की स्त्रियांच्या चळवळीसाठी जाणीवपूर्वक काम केल्याचा मान मी घेऊ शकत नाही, मी माणसाचं चित्रण केलं. यातला कुठला इब्सेन अंतिम? दोघांचंही आदराने ऐक, आणि मग नाटकाकडे परत ये. नायिका नोराचा नवरा संकट टळल्याचं पत्र वाचून आनंदाने ओरडतो, मी वाचलो! नोरा विचारते, आणि मी? मग त्याला आठवतं, हो, तूही अर्थात. या तीन वाक्यांत काय घडतं हे सांगायला लेखकाच्या भाषणाची गरज पडत नाही. त्याच नोराला पहिल्याच अंकात लपवून मिठाई खाताना आणि विचारल्यावर सहज खोटं बोलताना दाखवलंय, तेही विसरू नकोस. तिला निव्वळ आदर्श करून टाकलंस तर ती हातची जाईल.

समीक्षा जरूर वाच, पण स्वतःचं टिपण लिहून झाल्यावर. आधी वाचलीस तर दुसऱ्याला सापडलेलंच तुला सापडत राहील.

पुढच्या पत्रासोबत मला एकच पान पाठव. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा तिसरा अंक, तिसरा प्रवेश. हॅम्लेटच्या बापाचा खून करणारा त्याचा काका क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थना करतोय, हॅम्लेट तलवार उपसून मागे उभा आहे आणि मारत नाही. आत्ता मारलं तर हा स्वर्गात जाईल, असं कारण तो देतो. तो गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि आपली प्रार्थना वर पोचलीच नाही, असं म्हणतो. हॅम्लेटचं कारण त्याचं खरं कारण आहे असं धरून अर्धं पान लिही, आणि ते निमित्त आहे असं धरून अर्धं. दोन्हीकडे आधार फक्त नाटकातल्या ओळींचा घे. कुठला अर्धा भाग लिहिताना हात अडखळला, तेही खाली कळव.