गाणं तुझं, पण कागदावर नाव कुणाचं?

यावेळी गाण्याचीच पत्रं जास्त आलीत. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतःच गायचं आणि मोबाईलवरून स्वतःच जगापुढं टाकायचं, असं करणारी एवढी पोरं आपल्या सांगली जिल्ह्यात आहेत हे बघून बरं वाटलं. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, थोडी पत्रं घेतेय. नावं छापत नाही, कारण काहींनी घरी अजून सांगितलेलंच नाहीये.

विश्रामबाग, सांगली : ताई, मी गाणी लिहिते आणि गिटारवर चाली लावते. दिवसा एका सीएंच्या ऑफिसात काम करते. गेल्या वर्षी एक गाणं सगळ्या ॲप्सवर रिलीज केलं, स्पॉटिफायवर सहाशेच्या आसपास स्ट्रीम झाले आणि पैसे शून्य. आई रोज विचारते, मिळतं काय यातून? मी पुढं जातेय की जागेवरच आहे, हे कळायचं कसं?

आधी त्या शून्याचं सांगते, तो तुझा दोष नाही, नियमच तसा आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याची रॉयल्टीच निघत नाही. आणि हजार झाले तरी जे येईल ते चहा-पोह्यापुरतंच असतंय. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा पाहिजे तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलेलं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. म्हणजे आईला आकडे दाखवून समजवायला जाशील तर आईच जिंकणार.

मग बघायचं काय? रविवारी संध्याकाळी तू बोलावलंस तर नातेवाईक सोडून किती माणसं येतील ते बघ. कुठलं गाणं लोक परत म्हणायला लावतात ते बघ, आणि वर्षाच्या शेवटी पूर्ण झालेली, म्हणजे दोन्ही कडवी आणि शेवट जागेवर असलेली गाणी किती जमली तेही बघ, कारण अर्धी गाणी सगळ्यांच्याच वहीत पडलेली असतात.

सांगलीकरांना हे नवीन नाही खरं तर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर नाटक केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. १८५१ ला चिंतामणराव गेले आणि आश्रयही गेला, मग भाव्यांनी मंडळी घेतली, गावोगाव फिरले आणि १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आजचा राजाश्रय म्हणजे ॲपवाल्यांची प्लेलिस्ट, कधी मिळेल आणि कधी काढून घेतील याचा नेम नाही. तर तिकीट लाव. भावे नाट्यमंदिर नको एवढ्यात, एखाद्या वाचनालयाची वरची खोली, क्लासचा हॉल किंवा कुणाची गच्ची बघ, चाळीस खुर्च्या मांड, शंभर रुपये तिकीट ठेव आणि दारात वही ठेवून येणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर लिहून घे, त्यांना विचारून. ती वही तुझी. ॲपवरचे फॉलोअर ॲपचे असतात, उद्या त्यांनी दाखवायचं बंद केलं तर आपण काय करणार आहे?

गणपतीच्या मंडळांना श्रावणाच्या आधीच भेटायचं, दिवाळी पहाटवाल्यांना नवरात्रात, कॉलेजच्या गॅदरिंगवाल्यांना डिसेंबर उजाडायच्या आत. आणि मानधन आपणच आधी बोलायचं, साऊंडचं भाडं त्यात धरलंय का वेगळं हेही तेव्हाच, आणि अर्धे ॲडव्हान्स. "तुम्हाला एक्स्पोजर मिळेल" असं म्हणणारा प्रत्येक माणूस मंडपवाल्याला पैसे देतो, साऊंडवाल्याला देतो, वडापाववाल्यालाही देतो आणि गाणाऱ्याच्या हातात नारळ ठेवतो. एखाद्या वर्षी नारळ घ्यायला हरकत नाही, पण दरवर्षी नको गं.

एक बारीक गोष्ट राहिली. पुढचं गाणं रिलीजच्या तारखेआधी तीन-चार आठवडे डिस्ट्रिब्युटरकडं, म्हणजे ॲप्सवर गाणं पोचवणाऱ्या कंपनीकडं, चढव, कारण स्पॉटिफायच्या एडिटरांना गाणं सुचवायचं तर निदान सात दिवस आधी सुचवावं लागतं, आणि बहुतेक पोरं आदल्या रात्री अपलोड करून बसतात.

तासगाव : ताई, माझं एक गाणं रीलवर बऱ्यापैकी चाललं, मग एका म्युझिक कंपनीचा फोन आला. पंधरा हजार देतो म्हणतात, एकदाच, आणि चार पानी इंग्रजी कागद पाठवलाय, सही करून उद्याच पाठव म्हणे. मित्र म्हणतात घेऊन टाक, गाणी काय परत लिहिशील. बोल माझे, चाल माझी, म्युझिक कुपवाडच्या एका मित्रानं केलंय. काय करू?

उद्या पाठव म्हणणाऱ्याला परवा सांगतो म्हणायचं, आणि तोवर कागद नीट वाचायचा. इंग्रजी जड जात असेल तर एखाद्या वकिलाची फी दे, पंधरा हजाराच्या मानानं ती कमीच पडेल.

तुला वाटतंय तू एक गाणं विकतोयस, पण कायद्याच्या हिशोबानं त्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत. बोल एक, चाल दुसरी आणि त्याचं झालेलं रेकॉर्डिंग तिसरी. बोल आणि चाल यांचा हक्क तू जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी ६० वर्षं चालतो, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तुझ्या नातवंडांपर्यंत जाणारी गोष्ट आहे ही, आणि त्या कागदात बहुतेक तिन्ही एका ओळीत लिहून घेतल्या असतील, कायमच्या आणि जगभरासाठी. ती ओळ शोध.

आता आपल्या बाजूनं काय आहे ते बघ. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात २०१२ ला मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा जो वाटा आहे तो त्याला कुठल्या कंपनीला लिहून देताच येत नाही, फक्त वारसांना किंवा कॉपीराईट सोसायटीला देता येतो, आणि तो वाटा कंपनीबरोबर निम्मानिम्मा असतो. म्हणजे हक्क विकलास तरी बोलांच्या आणि चालीच्या रॉयल्टीवर तुझा हात राहतो, कागदात काहीही लिहिलेलं असू दे. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि कंपनीनं वर्षभरात गाणं वापरलंच नाही तर हक्क परत तुझ्याकडं येतो, वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर. म्हणूनच ते लिहून घेतात, काय?

तर त्यांना उलटं विचार, विकत कशाला, तीन वर्षांसाठी वापरायला देतो की. तयार झाले तर चांगलंच, आणि फोन बंद केला तर त्यांना गाणं नको होतं, मालकी पाहिजे होती, एवढं कळलं.

पण त्याच्याही आधी कुपवाडच्या मित्राकडं जा. म्युझिक त्यानं केलंय म्हणजे नक्की काय केलंय? नुसतं वाजवून रेकॉर्ड करून दिलंय, की मधली सगळी धून त्याची आहे? पैसे देऊन करून घेतलंस की दोस्तीत? हे आत्ता, गाणं लहान असताना, एका कागदावर लिहायचं, कुणाचा किती वाटा, आणि दोघांच्या सह्या. बँड मोडतात ते पैसे आल्यावर मोडतात, पैसे नसताना सगळे भाऊच असतात.

सरकारी नोंदणी केलीच पाहिजे असं काही नाही, गाणं रचलं की हक्क तयार होतो. तरी भांडणात पुरावा म्हणून उपयोग होतो, बोलांची किंवा चालीची फी ५०० रुपये आणि रेकॉर्डिंगची २०००, अर्ज ऑनलाईन करता येतो. आणि आयपीआरएस म्हणून गीतकार-संगीतकारांची संस्था आहे १९६९ पासूनची, रेडिओ, हॉटेल, कार्यक्रम, ॲप्स यांच्याकडून रॉयल्टी गोळा करून सभासदांना देते, तिथं नाव घाल. डिस्ट्रिब्युटर जे पैसे देतो ते रेकॉर्डिंगचे, हे वेगळे, आणि निम्म्या पोरांना हे दुसरे पैसे असतात हेच माहीत नसतं.

रेठरे हरणाक्ष आपल्याच वाळवा तालुक्यातलं. पठ्ठे बापूराव १८६६ ला तिथं जन्मले, स्वतः रचायचे, स्वतः गायचे, स्वतःचा फड चालवायचे, आजच्या भाषेत इंडिपेंडंट आर्टिस्टच की. त्यांच्या लावण्या अजून रंगतात, आणि त्यांचे शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले, १९४५ ला वारले. तुझ्या मित्रांना हे सांग, गाणी काय परत लिहिशील म्हणतात त्यांना.

मिरज : घरीच रेकॉर्डिंग करतो. कंडेन्सर माइक घेतलाय तरी आवाज घाण येतो. तानपुरा ॲपवरचा वापरू का खरा?

माइक चांगला आहे म्हणूनच घाण येतोय, कंडेन्सर सगळंच ऐकतो, पंखा, शेजारचा कुकर, रस्ता. ऊसाचा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टरवाले रात्री दोनला सुद्धा स्पीकर लावून जातात, त्यांच्यापुढं आवाज साफ करायचा कुठलाच प्लगइन चालत नाही. साधा डायनॅमिक माइक घे, स्टेजवर गाणारे धरतात तसा, तोंडाच्या जवळ धरून गा, मागं गाद्या आणि गोधड्या टांग, पंखा बंद कर आणि घाम येऊ दे. शेवटी आवाज वाढवून वाढवून गाणं चेपू नकोस, स्पॉटिफाय तसंही सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ऐकू येतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतं.

आणि मिरजेत राहून ॲपचा तानपुरा? अरे तुझ्या गावच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, सतारमेकर गल्ली चालत जायच्या अंतरावर आहे. विकत घे म्हणत नाही, महाग आहे, पण एखाद्या कारागिराला विचारून तिथंच दहा मिनिटं तुझ्या पट्टीत छेडून रेकॉर्ड करून आण. जवारी, म्हणजे तारेखालची घोडी घासून आणलेली झंकार, नीट काढलेला तानपुरा एकदा कानात बसला की ॲप बंद करशील. रियाजाला मात्र ॲप चालतंय, उगाच सोवळं नको.

विटा : मी आपल्या बोलीत लिहितो. पुण्यातला एक अरेंजर म्हणतो शुद्ध कर, नाहीतर गाणं कॉमेडी वाटेल. खरंय का?

बोलीत लिहिलेली विरहाची, रागाची, देवाची गाणी लोकांनी कमी ऐकलीत आणि विनोद जास्त ऐकलेत, म्हणून त्याला तसं वाटतं. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, त्यांच्या छकडींना आणि पोवाड्यांना कोण हसलं होतं? गाताना बोलीचा फायदाच आहे. "गेलं, आलं, राहिलं" असल्या शेवटांवर सूर मोकळा सोडून लांबवता येतो, "प्राप्त" आणि "निवृत्त" वर लांबवून दाखव म्हणावं त्याला. फक्त एक कर, प्रत्येक ओळीत लका आणि भावा घालू नकोस. ती बोली नसते, बोलीचं दुकान असतं. तुझी आजी जसं दुःख सांगते तसं लिही, ती कुठं दर वाक्याला लका म्हणते?

पलूस : मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. एमआयडीसीत चांगली नोकरी आहे, ती सोडून पूर्णवेळ गाणं करायचं म्हणतो. आम्ही आडवं यावं का?

आडवे येऊ नका, पण राजीनामाही देऊ देऊ नका आत्ता. गाण्याचे पैसे गाण्यालाच जातात सुरुवातीची वर्षं, मिक्सिंग, व्हिडिओ, डिस्ट्रिब्युटरची वर्षाची फी, आणि वर्षाच्या फीवाल्या बऱ्याच ठिकाणी फी थांबली की गाणी खाली उतरतात. पगार हाच त्याचा प्रोड्युसर आहे सध्या. त्याला म्हणावं, लागोपाठ सहा महिने गाण्यातून अर्ध्या पगाराएवढे आले की आपण परत बोलू. आणि भाऊ, त्याचं गाणं तुम्ही पूर्ण ऐकलंय का एकदा तरी? पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून विचारते.

कवठेमहांकाळ : दुसऱ्यांची गाणी आपल्या आवाजात टाकली तर चालतं का?

रील करून टाकलंस तर सहसा कोण काही म्हणत नाही. यूट्यूबवर मूळ मालकाचा क्लेम लागून जाहिरातीचे पैसे तिकडं जाऊ शकतात. पण स्पॉटिफायसारख्या ठिकाणी रिलीज करायचं तर परवानगी लागतेच. कायद्यात कव्हरची, म्हणजे दुसऱ्याचं गाणं परत गाऊन काढण्याची, सोय आहे, पण मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर ५ वर्षं थांबायचं आणि वर्षाला निदान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरायची, घरगुती गायकाला ते कुठलं परवडतंय. कव्हरनं लोक जमव, पण प्रत्येक तीन कव्हरमागं एक स्वतःचं टाकत जा, नाहीतर जमलेले लोक तुझे नसतात.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना लिंक नको, बोल कागदावर लिहून पाठवा. आणि ज्यांनी डिस्ट्रिब्युटर बदलायचं विचारलं होतं त्यांच्यासाठी : जुना आयएसआरसी नंबर, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या ओळखीचा तो बारा अक्षर-आकड्यांचा, तोच नवीन ठिकाणी टाका, नवीन घेऊ नका, म्हणजे आधीचे स्ट्रीम सहसा तसेच राहतात, आणि नवीन ठिकाणी गाणं चढलेलं दिसल्याशिवाय जुन्या ठिकाणचं काढू नका.