जुलैत मस्कत: नागपूरच्या उन्हाची सवय कामाला येते का?

तुम्ही विचारलंय, 'मी नागपूरचा, ४६ अंशांची सवय आहे. जुलैत पाच दिवस मस्कतला चाललोय, फारसं जाणवणार नाही ना? पहिल्या दिवशी काय वेगळं वाटतं?' विदर्भातले आमचे साडू कित्येक वर्षं हेच ऐकवतात, म्हणून लिहायला बसलो. जाणवेल. उन्हापेक्षा दमटपणा जास्त जाणवेल.

मे महिन्यात नागपूरची दुपार इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तुमचा वाळ्याचा कूलर याच न्यायाने चालतो. मस्कतला पारा ४० च्या आसपासच असेल, पण शेजारी तापलेला समुद्र. हवेत आधीच एवढी वाफ की घाम उडत नाही, नुसता ओघळतो. तिथे कूलर लावलात तर खोलीचं न्हाणीघर होईल. रात्रीच्या भरवशावरही राहू नका. मस्कतजवळच्या कुरय्यातला जून २०१८ मध्ये पूर्ण चोवीस तासांत पारा ४२.६ च्या खाली उतरला नव्हता.

पहिला दणका विमानतळाच्या दारातच बसतो. एसीत गार झालेल्या चष्म्यावर दव धरतं. पुसत बसू नका, काच तापली की आपोआप जातं. कॅमेरा मात्र बॅगेत चेन लावून ठेवा आणि बाहेर पडल्यावर अर्धा तास उघडू नका. तेवढ्या वेळात लेन्स बदललीत तर ओल आत सेन्सरवर बसते.

दुसरा दणका नळाचा. टाक्या गच्चीवर, त्यामुळे गार पाण्याचा नळ दुपारी पोळतो. तिथले लोक उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि गरम पाण्याच्या नळाने आंघोळ करतात, कारण गीझरची टाकी घरात, एसीच्या सावलीत असते. (हॉटेलात गरम पाणी एकाच ठिकाणाहून येत असेल तर ही युक्ती चालत नाही.)

चालताना तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, घोटाघोटाने. नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठही जातं. ओआरएसची एक लिटरची पुडी एका लिटरमध्येच घाला, अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबली तर उलट त्रास होतो. नाहीतर दुकानात 'लबन' मागा, ते आपलं ताकच.

ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. मजुरांना जे नको, ते तुम्ही हौसेने कशाला करता? सुलतान काबूस मशीद इतर धर्मीयांना सकाळी ८ ते ११ उघडी असते, शुक्रवारी नाही. हातपाय झाकणारे सैल, पातळ कपडे घाला, बायकांनी केसही झाकायचे. दुपारी झोपा. मत्रा सूक हा जुना बाजारही दुपारी बंदच असतो, संध्याकाळी जा.

एक राहिलंच: हे सगळं किनाऱ्याचं. दीडेकशे किलोमीटर आत निझव्याला हवा कोरडी आणि पारा मस्कतपेक्षा वर, तिथे साडूंचं म्हणणं मला मान्य आहे. त्यापुढे जबल अख्दर डोंगरावर, दोन हजार मीटरच्या आसपास, चक्क गार वाटतं. मात्र गाडी फोर बाय फोरच घ्या, साधी गाडी पायथ्याच्या चौकीवरून पोलीस परत पाठवतात.