टचस्क्रीनवर वाद घालण्याआधी पातळपणाचा हिशेब मांडा

आपला प्रश्न असा आहे की सध्या मिळणारा १४ इंची मॅकबुक प्रो घ्यावा, की टचस्क्रीन, ओलेड पडदा (ज्याचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो) आणि अधिक पातळ बांधणी असलेल्या पुढच्या पिढीची वाट पाहावी. त्यावर या चर्चेत दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की लॅपटॉपच्या पडद्याला बोट लावणे हा निव्वळ नखरा आहे आणि त्यासाठी जादा पैसे मोजणे मूर्खपणाचे ठरेल. दुसरी बाजू म्हणते की विंडोज लॅपटॉपांत दहा वर्षांहून अधिक काळ असलेली सोय ॲपलने इतकी वर्षे दिली नाही, हेच मुळात लाजिरवाणे आहे. माझ्या मते दोन्ही बाजूंनी वादासाठी चुकीचा मुद्दा निवडला आहे. टचस्क्रीन आवडली नाही तर ती वापरली नाही तरी चालते, पण पातळपणा न वापरण्याची सोय कोणत्याही यंत्रात नसते. त्याची किंमत बॅटरी, कळफलक, पंखे आणि दुरुस्ती यांतून रोज वसूल होत राहते.

आधी टचबद्दल थोडे. ही कल्पना नवी नाही. एचपी-१५० हा संगणक १९८३ साली टचस्क्रीनसह बाजारात आला होता. त्याच्या पडद्याच्या कडेने लहान छिद्रे होती, त्यांतून अवरक्त किरणांचे जाळे सोडलेले असे आणि बोटाने किरण अडला की जागा कळत असे. त्या छिद्रांत धूळ बसली की यंत्रणा बिघडत असे, आणि उभ्या पडद्यावर हात उचलून काम केल्याने खांदा भरून येतो, ही तक्रारही तेव्हापासूनचीच आहे. स्टीव्ह जॉब्स यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये हाच मुद्दा पुढे करून मॅकवर टचऐवजी मोठ्या ट्रॅकपॅडचा पुरस्कार केला. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि २०१३ च्या हॅसवेल नावाच्या चिप-पिढीपासून इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हे नाव लावायचे असेल तर टचस्क्रीन सक्तीची केली. ज्या वर्गाची घोषणा २०११ मध्ये १,००० डॉलरच्या आतले पातळ लॅपटॉप म्हणून झाली होती, त्याच्यावर दोनच वर्षांत महागडा पडदा लादला गेला. सक्ती नसती तर टचची बदनामी इतकी झाली नसती, असे मला वाटते.

जॉब्स यांचा युक्तिवाद दिवसभर टचवरच काम करणाऱ्या माणसाला लागू पडतो, मात्र असे कोणी करत नाही. प्रत्यक्षात माणूस लांबलचक दस्तऐवज बोटाने सरकवतो, नकाशा चिमटीने मोठा करतो, समोरच्या संवादचौकटीतले बटण दाबतो आणि पुन्हा कळफलकाकडे वळतो. आगगाडीत किंवा विमानाच्या अरुंद आसनावर, जिथे कोपर बाहेर काढायला जागा नसते, तिथे हे खरोखर सोयीचे पडते. लेखणीने पीडीएफवर शेरे मारणाऱ्या प्राध्यापकांना आणि संपादकांना मात्र एवढ्याने भागणार नाही. त्यांना पूर्ण मागे वळणारी बिजागरी किंवा सुटा होणारा पडदा हवा, आणि मॅकबुकच्या संदर्भातल्या बातम्यांत तसे काही दिसत नाही. आपले काम त्या प्रकारचे असेल तर मॅकबुकची वाट पाहण्यात अर्थ नाही.

टचची खरी अडचण बिजागरीत असते आणि याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पडद्याच्या वरच्या कडेला बोटाने दाब दिला की तो दाब जवळजवळ वीस सेंटिमीटर लांबीच्या तरफेतून बिजागरीवर येतो. बिजागरी सैल असेल तर पडदा डुलतो, घट्ट केली तर एका बोटाने झाकण उघडण्याची सवय सोडावी लागते. शिवाय खालचा भाग पुरेसा जड नसेल तर दाबाने अख्खा लॅपटॉप मागे कलू लागतो. झाकणाची काच आणि तिच्यामागचा पत्रा जितका पातळ, तितका तो लवचीक. म्हणजे टचला जे हवे ते आणि पातळपणाला जे हवे ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्लूमबर्गने दिलेल्या बातमीत अधिक मजबूत बिजागरीचा उल्लेख होता, तो मला याच कारणाने महत्त्वाचा वाटला. त्याच बातमीत २०२६ ची अखेर किंवा २०२७ ची सुरुवात हा काळ आणि सध्याच्या दरापेक्षा काहीशे डॉलरची वाढ, असेही म्हटले होते.

आता पातळपणाकडे वळू, कारण इथे पुरावा कागदावर उपलब्ध आहे. २०१६ मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रोची जाडी १८ मिमीवरून १५.५ मिमीवर आणली. त्या अडीच मिलिमीटरसाठी बॅटरी ९९.५ वॉट-तासांवरून (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे माप) ७६ वर आली. १३ इंचीच्या टचबारवाल्या (कळफलकावरच्या कार्यकळांच्या जागी स्पर्शपट्टी असलेल्या) रूपात तर ती ७४.९ वरून ४९.२ वर घसरली, म्हणजे साधारण एक तृतीयांश क्षमता गेली. कळांची खोली कमी करण्यासाठी २०१५ पासून वापरलेल्या ‘बटरफ्लाय’ कळफलकात बारीकसा कण अडकला तरी कळ रुतत असे किंवा एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटत असे. आपल्याकडच्या धुळीत तो किती काळ टिकणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. पडद्याकडे जाणारी पातळ केबल वारंवार वाकून निकामी होत असल्याचेही आढळले. २०१८ च्या यंत्रात ॲपलने तीच केबल २ मिमीने लांब केल्याचे यंत्रे उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटने दाखवून दिले, आणि मे २०१९ मध्ये २०१६ च्या १३ इंची यंत्रांसाठी वेगळी दुरुस्ती योजना आली.

त्यानंतर काय झाले तेही पाहा. २०१९ चा १६ इंची प्रो १६.२ मिमी झाला, त्यात जुन्या कात्री-पद्धतीच्या कळा परतल्या आणि बॅटरी १०० वॉट-तासांवर गेली, जी विमान प्रवासात परवानगीशिवाय नेण्याची कमाल मर्यादा आहे. २०२१ मध्ये जाडी १६.८ मिमी झाली, टचबार गेली, एचडीएमआय आणि एसडी कार्डाची जागा परत आली. जाड झालेल्या या लॅपटॉपचे समीक्षकांनी आणि व्यावसायिकांनी मनापासून स्वागत केले. पाच वर्षांच्या हट्टाला बाजाराने दिलेले याहून स्पष्ट उत्तर मला आठवत नाही.

तरीही पातळपणा सरसकट वाईट, असे मी म्हणणार नाही. ओलेड पडद्याला मागच्या प्रकाशाचा वेगळा थर लागत नाही, त्यामुळे झाकण आपोआप पातळ होऊ शकते आणि त्यात बॅटरीचे काही जात नाही. मे २०२४ च्या १३ इंची आयपॅड प्रोमध्ये दुहेरी थराचा ओलेड असूनही जाडी अवघी ५.१ मिमी होती. माझी हरकत आहे ती खालचा भाग पातळ करण्याला, कारण बॅटरी, पंखे आणि कळा तिथे राहतात. ओलेडचीही एक बाजू लक्षात ठेवावी: तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर अधिक वीज खातो, आणि दिवसभर एक्सेल किंवा वर्ड उघडे ठेवणाऱ्याचा पडदा बहुतांशी पांढराच असतो.

किमतीबद्दल एक जुनी युक्ती ओळखून असावे. २०१५ चा डेल एक्सपीएस १३ अमेरिकेत ७९९ डॉलरपासून मिळत होता, पण टचस्क्रीन हवी असेल तर ३२००×१८०० चा चकचकीत पडदा असलेले महागडे रूपच घ्यावे लागे. स्वस्त रूपातला पडदा बिनचकाकीचा आणि बिनटचचा होता. टचची किंमत नेमकी किती, हे ग्राहकाला कधीच कळू नये अशीच ही रचना होती. आता टच, ओलेड आणि नवी चिप एकत्र आल्यावर हेच होईल. भारतात दर छापील आणि १८ टक्के जीएसटीसह असतो. डॉलर सुमारे ८८ रुपये धरला तर २०० डॉलरची वाढ इथे जवळपास २१,००० रुपयांची होते. मोठी स्मृती (रॅम) हवी असेल तर ती पुढे वाढवता येत नाही, म्हणून हे पैसे पडद्याऐवजी तिथे घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. टचचा पडदा काचेला चिकटवलेला असतो, त्यामुळे तो फुटल्यास बहुधा अख्खे झाकणच बदलावे लागेल. वाढीव वॉरंटीचा खर्च त्यात धरूनच तुलना करा.

आपण लिहिले आहे की काम मुख्यतः कोडिंग आणि अहवाल लेखनाचे आहे, आणि सध्याचे यंत्र आणखी वर्षभर तग धरेल. तेव्हा नवे मॉडेल जाहीर होईपर्यंत थांबायला हरकत नाही, पण ते घेण्यासाठी नव्हे, तर त्या वेळी आजच्या १४ इंचीचा दर उतरतो का ते पाहण्यासाठी. जाहीर झाल्या दिवशी पडद्याची जाहिरात बाजूला ठेवून तपशीलपत्रकात दोनच आकडे शोधा: बॅटरीचे वॉट-तास आणि बंद अवस्थेतली जाडी. आजच्या १४ इंचीत ते ७० च्या आसपास आणि १५.५ मिमी आहेत. जाडी उतरूनही वॉट-तास तेवढेच राहिले असतील, तर नवा घ्या आणि टच वापरा किंवा वापरू नका. वॉट-तासही उतरले असतील, तर जुना साठा संपण्यापूर्वी दुकान गाठा.