वाचकांचे प्रश्न : एकाच वहीत रान आणि रानातली माणसं

प्रश्न : सुट्टीला मी रानात जाऊन बेडकं, पक्षी, अळंब्या टिपून ठेवतो. मित्र विचारतात, ‘भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांवर धड रस्ता नाही, जमिनीचे दावे पडून आहेत आणि तुला बेडकांचं कौतुक?’ दोन्ही कसं सांभाळू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : बेडकं सोडू नका. वहीत फक्त दोन रकाने वाढवा : ही वस्तू रानातून कोण आणतं, आणि कधीपासून.

मित्र म्हणतात ते दावे रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हक्क देणाऱ्या 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे असतील, तर तुमची वही तिथे कामी येते. या कायद्यात पुरावा म्हणजे नुसता सातबारा किंवा उतारा नव्हे. जुनी विहीर, बांध, स्मशान, देवाची जागा, नेहमीची चराई, हंगामी रानमेवा गोळा करण्याच्या जागा, दावेदार सोडून इतर म्हाताऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, हे सगळं चालतं. एकाहून अधिक पुरावे हवेत. अमुकच कागद आणा असा हट्ट ग्रामसभेच्या वरच्या, दावे तपासणाऱ्या समित्यांना धरता येत नाही. उपग्रहाचं चित्र पूरक म्हणून चालतं, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही.

ज्यांची जमात अनुसूचित यादीत नाही, त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. खरी अडचण इथेच येते. 1930 च्या सुमारास वस्ती होती हे कागदावर क्वचितच सापडतं. मग रानालाच विचारायचं. शिकेकाई कुठल्या ओढ्याकाठी काढतात, रातांबे कोणत्या झाडांचे उतरवतात, त्या जागेला आजोबा काय नाव देत होते? जागेचं नाव, महिना, किती पायली, विकलं कुठे, सांगणाऱ्याचं वय, हे त्याच दिवशी लिहा. नंतर आठवून लिहिलेलं टिकत नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. दाट रानात मोबाईलचं स्थान सहज दहा मीटरने चुकतं, म्हणून एकाच जागी पाच मिनिटं थांबून तीनदा नोंद घ्या. दुसरी, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला की त्यातली तारीख-जागेची माहिती निघून जाते. मूळ फाईल जपून ठेवा.

ही वही ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्या आणि पोच घ्या. दावा मांडायचा अधिकार ग्रामस्थांचा, तुम्ही हाताशी राहायचं. निर्णय कारणांसह लेखी मागा. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे दाद मागायला 60 दिवस असतात, आणि बऱ्याच जणांची ही मुदत कुणी न सांगितल्यामुळेच निघून जाते.

भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तेव्हा आत परवानगीशिवाय जाऊ नका. बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांसाठी आत बत्ती मारत फिरू नका, दुर्मीळ आमरींची (ऑर्किडची) नेमकी जागा कुठे टाकू नका. दावेदारांची नावंही तशीच झाकून ठेवा.

प्रश्न : गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांची मुलं दिवसभर फडातच असतात. माझी सहावीतली मुलगी फडातले पक्षी मोजते. त्या मुलांना सोबत घ्यावं का?
— एक वाचक, चिक्कोडी तालुका

उत्तर : जरूर घ्या, पण आधी शाळेत. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मुख्याध्यापकांना अर्जाच्या दोन प्रती द्या, एकीवर पोच घ्या.

पक्षी सकाळी मोजा. तोड चालू असते तेव्हा उडणाऱ्या किड्यांमागे गायबगळे येतात. कोयत्यापासून आणि भरलेल्या ट्रॉलीपासून निदान वीस पावलं लांब, बांधावर बसा. पाचट पेटवलेल्या फडात त्या दिवशी पाऊल नको, वरून विझलेलं दिसलं तरी खाली धग असते. एका जागी दहा मिनिटं मोजणी करा. पक्ष्याला टोळीतली मुलं जे नाव देतात तेच आधी वहीत लिहा, पुस्तकातलं नाव त्याच्या शेजारी.