पदवीच्या मुलांना डिजिटल तंत्रज्ञानाकडे चिकित्सक नजरेनं बघायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की वर्गात चर्चा काढली की मुलं चार फायदे सांगतात, चार तोटे सांगतात, मग 'शेवटी वापरणाऱ्यावर आहे' म्हणतात आणि विषय संपतो. यात मुलांना काय बोल लावायचा? 'मोबाईल : शाप की वरदान' हा निबंध आपणच त्यांच्याकडून शाळेपासून घोटून घेतलाय. त्याचा शेवटचा परिच्छेद त्यांना तोंडपाठ आहे. तेव्हा फळ्यावर फायदे-तोट्यांचा तक्ता काढूच नका.

मी खानदेशातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. वर्गात फिरून फिरून एकच प्रश्न विचारतो: हे चुकलं, तर भुर्दंड कोणाला?

सुरुवात रेशन दुकानापासून करतो. मुलांना महिन्याच्या वाटपाच्या दिवशी गावातल्या दुकानाबाहेर अर्धा तास उभं राहायला सांगायचं. कोणाचं मत विचारायचं नाही, फक्त दिसेल ते लिहायचं. मग वहीत असं काही येतं: आजींचा अंगठा लागेना. बोट धुतलं, पदराला पुसलं, दुसरं बोट लावलं. मशीन नाहीच म्हणतंय. मागची रांग कुरकुरायला लागली. दुकानदार म्हणाला, उद्या या. आजींसोबत आलेल्या सुनेचा आजचा रोज बुडाला, उद्याचाही बुडणार.

आता वर्गात बोलायला खरा मुद्दा मिळतो. अंगठा का लागत नाही? निंदणी-खुरपणीत आणि वयानं बोटांच्या रेषा झिजतात. म्हणजे ज्यांना स्वस्त धान्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच बोटं या मशीनला वाचता येत नाहीत. एखादा मुलगा हमखास उठतो, "पण सर, त्यामुळे बोगस कार्डं बंद झाली ना?" त्याला अडवू नका, मुद्दा रास्त आहे. फक्त पुढचं विचारा: बंद झालेली कार्डं सरकारी आकड्यात दिसतात, रिकाम्या पिशवीनं परत गेलेली आजी कुठल्या आकड्यात दिसते? इथे वर्ग गप्प होतो, आणि ही गप्प बसण्याची जात वेगळी असते.

जोडीला चेहरा ओळखण्याचं उदाहरण घ्या, कारण अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये आता तेही आलंय. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संगणक संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या काही कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. अंगणवाडीतली प्रणाली वेगळी आहे, तेव्हा हे आकडे तिला चिकटवू नका. पण प्रश्न तोच लागू पडतो.

दुसरं उदाहरण राईनपाड्याचं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. आमच्या मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: लोक अडाणी आहेत, काहीही खरं मानतात. मग मी पुढचा घटनाक्रम सांगतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. पुढे २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. दोष फक्त लोकांच्या डोक्यात होता, तर कंपनीनं बटण का हलवलं? फोनमधली प्रत्येक सोय कोणीतरी ठरवलेली आहे आणि ती वेगळीही ठरवता येते, हे मुलांच्या पहिल्यांदा लक्षात येतं ते इथे.

पण सगळं खापर ॲपवर फुटू देऊ नका. भटक्या माणसाकडे संशयानं बघायची सवय व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीची आहे. वर्गात त्या समाजांतली मुलं असतील तर हा तास फार जपून घ्या. त्यांना 'तुझा अनुभव सांग' म्हणून उभं करू नका.

एआयसाठी सोपा खेळ आहे. प्रत्येकानं चॅटजीपीटीला स्वतःच्या गावाची माहिती विचारायची: ग्रामदैवत, यात्रा, नदी, शाळा. मोठ्या शहरांबद्दल बरं येतं. आडगावाबद्दल फारसं लिहिलेलंच नसतं, पण मशीन 'मला माहीत नाही' म्हणायला फारसं तयार नसतं. आमच्या एका विद्यार्थिनीच्या गावाला त्यानं चक्क भुईकोट किल्ला बहाल केला होता, बुरुजांच्या वर्णनासकट. वर्ग खो-खो हसतो. मग विचारायचं, ज्या विषयात तुम्हाला गावाइतकी माहिती नाही, तिथे त्यानं बांधलेले किल्ले कसे ओळखाल?

मोबाईलच्या व्यसनावर मात्र व्याख्यान देऊ नका. ते घरी रोज ऐकून त्यांचे कान किटलेत.

इंटर्नलला लेखी निबंध मागू नका, तो कुठून येईल ते तुम्हालाही माहीत आहे. रेशन दुकानावरच्या हस्तलिखित नोंदी घेऊन समोर बसवा आणि पाच मिनिटं तोंडी घ्या. साठ मुलांचा वर्ग असेल तर यात सहा-सात तासिका जातील, त्या सत्राच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात धरून ठेवा, नाहीतर शेवटी सिलॅबस संपवायच्या घाईत हेच पहिल्यांदा गळतं.